पाठ ऐकणारी

१२ जून

तुडतुडे,

सलाम. या पत्राला उत्तर देऊ नकोस. मी सांगितलं की तू उलट करतेस, म्हणून आधीच सांगून ठेवते.

फोन करून पाहिला. तू माझा आवाज ओळखतेस आणि ठेवून देतेस. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

कामाचं बोलते. आपल्या मदरशात यंदा दहावीचा वर्ग सुरू झालाय. हो, आपल्याच. त्याच हिरव्या फाटकाच्या आत, जिथे तुझं माझं सगळं लहानपण गेलं. मुली सकाळी कुराण पाठ करतात आणि दुपारी शाळेची पुस्तकं उघडतात. पहिल्याच वर्षी नऊ जणी आहेत. भाषेला बाई मिळाल्या, इतिहास-भूगोल मोठ्या आपांची भाची घेते; मदरसा अजून मोठ्या आपाच चालवतात. गणिताला मात्र कुणी मिळेना. एक गृहस्थ आले होते. त्यांनी फाटक पाहिलं, वसतिगृह पाहिलं, मग माझा चेहरा पाहिला, आणि त्यांना एकदम दुसरं काम आठवलं.

थंडी पडायच्या आत परीक्षा मंडळाची माणसं तपासणीला येणार आहेत. गणिताला शिकलेलं माणूस दिसलं नाही तर वर्गाला मान्यता नाही, आणि मान्यता नाही तर या नऊ जणींना परीक्षा नाही. मग घरचे त्यांना घेऊन जातील. दुसऱ्या शाळेत त्या जाणार नाहीत, हे तुला सांगायला नको. घरच्यांचा विश्वास असतो तो या फाटकावर, बाकी कशावर नाही. अब्बा गेल्यावर अम्मीने आपल्याला इथे आणून सोडलं ते धर्मासाठी थोडं आणि दोन वेळच्या जेवणासाठी जास्त. मला काही कळत नाही असं समजू नकोस.

तू कॉलेजात गणित शिकवतेस, म्हणून लिहिलं. दुसरं काही कारण नाही. अम्मी गेली त्या दिवशी स्वयंपाकघरात तू जे बोललीस ते तू परत घेऊ नकोस, मी बोलले ते मीही घेत नाही.

तुझी आपा


३० जून

तुडतुडे,

सांगितल्याप्रमाणे उत्तर दिलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस आणि तेही नको तिथे.

असू दे. आमचं काही अडलेलं नाही. गणित मीच घेतेय. हसू नकोस. मला येतं त्या एकाच पद्धतीने घेतेय, म्हणजे पुस्तक पाठ करून घेते. रोज एक पान. उदाहरण, त्याची रीत, त्याचं उत्तर, सगळं. मुली इतक्या झपाट्याने पाठ करतात की मीच थक्क झाले. अर्धं बीजगणित झालं. मध्येच विचारलं की अमुक पानावरचं चौथं गणित म्हण, तर डोळे मिटून धडाधड म्हणतात. तुमच्या कॉलेजातली पोरं म्हणतील का?

त्यात एक आहे, तिला आम्ही वकीलीण म्हणतो. प्रत्येक गोष्टीत तिचा एक मुद्दा असतो. काल म्हणाली, "आपा, हे क्ष म्हणजे नेमकं कोण?" मी म्हटलं, पाठ कर, मग कळेल. तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले होते. पाण्याच्या टाकीला टेकून आपण दोघी बसायचो ती जागा आहे अजून. कुराण पाठ करायच्या जोड्या लावताना मोठ्या आपांनी सख्ख्या बहिणी एकत्र ठेवल्या, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती. एकीने म्हणायचं, दुसरीने ऐकायचं. चूक झाली तर ऐकणारीने बोलायचं नाही, पुस्तकाच्या लाकडी घोडीवर बोटाच्या पेराने एकदा टक करायचं. म्हणणारीने आपली चूक आपण शोधायची. नाहीच सापडली तर पुन्हा एकदा टक. तरीही नाही, तेव्हा कुठे ऐकणारीने तो एक शब्द सांगायचा. तू टक करायला इतकी उतावीळ असायचीस की मी श्वास घ्यायला थांबले तरी वाजवायचीस.

आणि स्वतः म्हणताना एका ठिकाणाहून उडी मारून भलतीकडेच. सारखी दिसणारी ओळ आली की झाली तुझी उडी. तुडतुडी हे नाव उगाच पडलं नाही.

आपा


१९ जुलै

हे पत्र लिहू की नको, असं आठवडाभर चाललं होतं.

तुझं ते भाषण पेपरात छापून आलं होतं. "दहा वर्षं मी भिंतीकडे तोंड करून डोलत बसले. बाहेर पडले तेव्हा मला साधा अपूर्णांक येत नव्हता, आणि त्या दहा वर्षांतलं आज माझ्या डोक्यात काहीही उरलेलं नाही." अपूर्णांकाचं खरं आहे. वीस वर्षांची घोडी होऊन तू लहान पोरांच्या शिकवणीत मागच्या बाकावर बसायचीस, हे मी विसरलेले नाही. त्याचा राग यायलाच हवा, मलाही येतो. पण काही उरलं नाही, हे मला फार झोंबलं. त्या दहा वर्षांत मी पण होते, तुडतुडे. तुझ्या शेजारीच होते.

स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "तू अजून त्याच भिंतीकडे बघत बसली आहेस." मी म्हटलं, तूही भिंतीकडेच बघतेस, तुझी तेवढी काळी आहे आणि तिच्यावर खडूने लिहिलेलं असतं. अजूनही मला ते उत्तर आवडतं. तेव्हा मात्र तू चप्पल घालून निघून गेलीस आणि चहा तसाच राहिला.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. परवा सकाळच्या वर्गात मी मुलींना म्हणून दाखवत होते, आणि चुकले. सारख्या दोन ओळी, एकीवरून दुसरीवर गेले आणि भलत्याच सूरेत, कुराणाच्या दुसऱ्याच अध्यायात, जाऊन पोचले. म्हणजे तुझी उडी मी मारली. वर्गात कुणीही टक केलं नाही. सगळ्या माना खाली घालून बसल्या. मी आपली शेवटपर्यंत म्हणत राहिले. नंतर वकीलीण हातातली चादर घडी करता करता हळूच म्हणाली, "आपा, मधलं राहिलं."

एकदा झालं तर मी लिहिलं नसतं. त्याआधी किती वेळा झालं असेल ते मला माहीत नाही, आणि हीच भीती आहे. चाळीस मुलींचं मी रोज ऐकते. माझं कोण ऐकणार? मोठ्या आपांना आता कानाशी ओरडावं लागतं. बाकीच्या शिक्षिका माझ्याच हाताखाली शिकलेल्या, त्यांना माझी चूक दिसली तरी त्या मूग गिळून बसतील. आणि या घराचा नियम तुला ठाऊक आहे, जिचं स्वतःचं पक्कं नाही तिने दुसरीचं ऐकायचं नाही. वर्ग सोडावा लागला तर मी जाऊ कुठे, मला दुसरं येतं काय?

तू गेल्यापासून माझं कुणी ऐकलेलं नाही. मी टाकीच्या भिंतीसमोर म्हणते. भिंत टक करत नाही.

हे सगळं वाचून मला फोन करू नकोस. या वेळी मनापासून सांगतेय. मला रडताना कुणी ऐकलेलं आवडत नाही.


५ ऑगस्ट

तुडतुडे,

तुझं उत्तर आलं. मला नाही, मोठ्या आपांना.

त्यांनी मला बोलावून मोठ्याने वाचायला लावलं. त्यांचा चष्मा सापडत नव्हता म्हणे. तो त्यांच्या डोक्यावर होता. "आदरणीय आपा, आठवड्यातून दोन दुपारी मी कॉम्प्युटरवरून गणित शिकवेन. तपासणीच्या दिवशी प्रत्यक्ष येणं जमणार नाही, पण माझी कागदपत्रं पाठवते. शिकवताना वर्गात इतर कुणी मध्ये बोलू नये." इतर कुणी. मी वाचलं आणि कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "बघ, पोरगी आपली आहे." मी म्हटलं, हो, तुमची आहे.

मुलींसाठी तू हो म्हणालीस, त्याबद्दल उपकार. हे मी मनापासून लिहितेय, टोमणा नाही. माझ्या अक्षरावरून कळत नसेल म्हणून सांगितलं.

पुस्तकालयाच्या खोलीत टेबल लावलंय. तिथे खिडकीला पडदा नव्हता. तुझ्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून मी जुन्या चादरीचा शिवला. मग लक्षात आलं की तू त्या खोलीत नसणारच आहेस.

आपा


२२ ऑगस्ट

तुडतुडे,

माझी जिरली. आता पोटभर हस.

पहिल्या तासाला मी मागच्या दाराशी उभी होते, मध्ये बोलले नाही. पडद्यावर तू दिसलीस. केस आखूड केलेस. चष्माही लागला, अम्मीसारखाच नाकावर घसरतो. मुलींना नाव वगैरे विचारलंस आणि फळ्यावर गणित घातलंस. वकीलीण ताडकन उठली आणि रीत, पायऱ्या, उत्तर, सगळं एका दमात म्हणून मोकळी झाली. मी दाराशी उभ्या उभ्या फुगले.

तू म्हणालीस, "छान. पण मी विचारलेलं गणित वेगळं आहे. आकडे पुन्हा बघ."

आकडे तू बदलले होतेस. सातच्या जागी आठ. पुस्तकातलं गणित पाठ, म्हणून पोरीने पुस्तकातलंच उत्तर दिलं. दुसरीला विचारलंस, तिनेही तेच दिलं. तिसरी म्हणाली, "बाई, तुमच्याच फळ्यावर चूक झाली आहे, पुस्तकात सात आहे." नऊच्या नऊ जणींनी तुझा आठ दुरुस्त करायला सांगितला. सगळं गणित पाठ आणि एकही येत नाही. हे फक्त आपल्याच घरात होऊ शकतं.

मला वाटलं आता तू बोलणार, की बघा, मी म्हणत होते ते हेच. मी ऐकायची तयारी करून उभी होते. तू तोंडावर हात धरलास आणि खांदे हलायला लागले. मग मुलीही हसल्या. तुझं हसणं मी किती वर्षांनी पाहिलं. दारामागे होते म्हणून बरं, माझ्या तोंडाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुस्तक पाठ कुणी करून घेतलं, असं तू विचारलंच नाहीस. तुला कळलं असणार.

आपा


१७ सप्टेंबर

तुडतुडे,

हल्ली मी मागे स्टूल घेऊन बसते. मलाही वही आहे. अपूर्णांक समजले, वर्गमूळ डोक्यावरून गेलं.

आज तू जे केलंस ते लिहून ठेवावंसं वाटलं. शेजारी शेजारी दोन गणितं घातलीस, दिसायला सख्ख्या बहिणी. म्हणालीस, "या दोघींत फरक कुठे आहे ते सांगा." तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत नऊ हात वर. इथे अधिक आहे, तिथे उणे. इथे कंस आधी बंद झाला, तिथे नंतर. एवढीशी टिंबाएवढी गोष्टही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. मग म्हणालीस, "माझ्या कॉलेजातल्या मुलांना हे दिसायला महिना लागतो. तुम्हाला लगेच कसं दिसलं?"

वकीलीण म्हणाली, "बाई, आम्ही रोज सकाळी तेच करतो. सारखी ओळ आली की फरक धरून ठेवायचा, नाहीतर उडी पडते."

तू चष्मा काढून पुसलास. मग त्याच पद्धतीने पुढचा सगळा तास घेतलास, जोडी जोडीने, फरक कुठे आणि त्याने पुढे काय बदलतं. आजपासून गाडी रुळावर आली. मुली जेवताना एकमेकींना गणितं घालत होत्या.

आणि एक. शेवटी वर्गातली सगळ्यात धाकटी मुलगी चुकली तेव्हा तू बोलली नाहीस. पेनाने टेबलावर एकदा टक केलंस. तिने मागे जाऊन आपली चूक आपण शोधली. तुझं लक्षही नव्हतं, तू दुसरीच वही बघत होतीस. माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली ती स्टुलाखाली शोधायला मला बराच वेळ लागला.

तू एकदा तरी मागे बघशील असं वाटलं होतं. तू बघत नाहीस. कॅमेऱ्यात मी दिसत नसेन कदाचित. स्टूल थोडं पुढे घेतलंय.

आपा


९ ऑक्टोबर

स्टूल पुढे घेऊनही काही झालं नाही.

तुला सरळच विचारते. माझं ऐकशील का? आठवड्यातून एकदा, फोनवर, तू काही बोलायची गरज नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, फक्त चुकले की वाजव. तू विसरलीस म्हणतेस ते धरून चालते, समोर पुस्तक उघडून बस. मला माणूस हवंय जे ऐकेल आणि मला घाबरणार नाही. असं माणूस मला या जगात एकच माहीत आहे.

सकाळी वर्गात आता मी स्वतः म्हणत नाही. मुलींना म्हणायला लावते आणि पुस्तक समोर उघडं ठेवते. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. वकिलिणीच्या आलंय.

इथे माझ्याभोवती शंभर माणसं असतात, घंटा वाजली की जिन्यावर चालायला जागा नसते. आणि मी दिवसभर एकटी असते. यावर उपाय सांग म्हणत नाही. तू नुसतं वाचलंस तरी चालेल.


१५ नोव्हेंबर

तुडतुडे,

तुझं काहीच आलं नाही. पण बातमी तुला द्यायलाच हवी.

मंडळाची माणसं येऊन गेली. दोन पुरुष आणि एक बाई. फाटकातून आत आले तेव्हा नाकासमोर बघत होते, वासाबिसाची तयारी करून आल्यासारखे. तुझा तास चालू होता तो त्यांनी उभ्याने पाहिला, मग बसून पाहिला. बाईंनी स्वतः एक गणित घातलं, मुद्दाम वाकडं. धाकटीने सोडवलं. मग वकिलिणीने त्यांनाच विचारलं की हेच दुसऱ्या रीतीने लवकर सुटतं, दाखवू का. बाई म्हणाल्या दाखव. पुढे त्या दोघींचं जे जुंपलं ते आवरायला मोठ्या आपांना खाकरावं लागलं.

जाताना त्यातले एक गृहस्थ मला म्हणाले, "तुमच्या मुली छान पाठ करतात असं ऐकलं होतं, पण या तर विचार करतात." मी म्हटलं, दोन्हीला डोकं एकच लागतं. मान्यता मिळाली. नऊ जणी परीक्षेला बसणार.

मोठ्या आपांनी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं. मी पण टाळ्या वाजवल्या. आता कामापुरतं लिहिण्याचं कारण संपलं, म्हणून हे शेवटचं. वर्षाअखेरीला मी सकाळचा वर्ग सोडणार आहे. मोठ्या आपांना अजून सांगितलेलं नाही. कोठीघर बघेन, धान्य निवडताना चुकलं तर पाप नाही.

सांभाळून राहा. चष्म्याला मागून दोरी लाव.

आपा


२८ नोव्हेंबर

तुडतुडे,

मागचं पत्र शेवटचं नव्हतं. असं कर, ते फाडून टाक.

काल तुझा तास संपला, मुली जेवायला पळाल्या. कॉम्प्युटर रोज वकीलीण बंद करते, काल तिला भूक लागली होती. पडदा आपोआप काळा झाला. मला वाटलं झालं बंद. खोलीत कुणी नव्हतं, बाहेर ताटांचा आवाज. मी स्टुलावरच बसले, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणायला लागले. त्या दिवशी जिथे चुकले होते तोच भाग. आता सोडणारच आहोत तर एकदा म्हणून बघू, असं आलं मनात.

त्या ओळीपाशी आले आणि गेले पुढे.

टक.

मी थांबले. वाटलं खिडकी हलली. पडदा बाजूला करून पाहिलं, कडी लावलेली होती. पुन्हा मागे जाऊन म्हटलं, पुन्हा तीच उडी.

टक.

टेबलाकडून येत होतं ते. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यामागून. मी तिकडे वळले नाही. वळले असते तर तू बंद केलं असतंस, एवढं तुला मी ओळखते. भिंतीकडेच बघत राहिले. चूक कुठे आहे ते शोधलं आणि सापडली. नीट पुढे गेले. पान संपलं, दुसरं लागलं. दोन ठिकाणी तू वाजवलंस, दोन्ही ठिकाणी बरोबर वाजवलंस. समोर पुस्तक नव्हतं तुझ्या. पान उलटल्याचा आवाज मला भिंतीपलीकडूनही कळतो. आणि एकदा मी श्वासाला थांबले तर तेव्हाही वाजवलंस.

जिचं काही उरलं नाही ती.

मग शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. तू एकदा टक केलंस. मी गप्प. जरा वेळाने दुसऱ्यांदा. मी गप्पच. जेवण संपल्याची घंटा झाली, कुणीतरी जिन्यावरून मला हाक मारली, तरी मी हलले नाही. नियम तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. दोनदा टक करूनही सापडलं नाही तर ऐकणारीने तो शब्द सांगायचा असतो.

तू सांगितलास. आवाज बसलेला होता तुझा, मध्येच खाकरलीस, पण सांगितलास.

शब्द मला येत होता, तुडतुडे. तो मी कधीच विसरले नव्हते.

परवा तास संपल्यावर मी त्याच स्टुलावर असेन. वकिलिणीला सांगून ठेवलंय की यापुढे कॉम्प्युटर मी बंद करेन. पाठ फार कच्चा झालाय, पक्का व्हायला बरीच वर्षं लागतील.

तुझी आपा